ज्याचे काम, त्याचे नाव



माणूस पोटासाठी कामाला जातो हे खरे. परंतु तो नुसते पोट घेऊन जात नाही. डब्याबरोबर आपले मनही घेऊन जातो. दिवसाचे आठ-नऊ तास, जाण्यायेण्याचे धरले तर दहा-बारा तास, आपला कष्टकरी माणूस घराबाहेर असतो. बायकामुलांपेक्षा अधिक वेळ तो मुकादम, साहेब, शेजारच्या टेबलावरचा कारकून, यंत्रावरचा जोडीदार यांच्या सहवासात काढतो. तो सहवास कडू असेल तर त्याचा कडवटपणा संध्याकाळी घरात येतो आणि भाकरी वाढणाऱ्या माऊलीवर नाहीतर अभ्यासाला बसलेल्या पोरावर निघतो.

कामगार, शिपाई, सफाई कामगार, परिचारिका, कारकून अशा अनेकांशी आमचे संघटनेच्या कामानिमित्त बोलणे होते. पहिली तक्रार पगाराची असते आणि ती रास्तच असते. दुसरी तक्रार मात्र थोडी आडून येते. “एवढे राबतो, पण कोणी एका शब्दाने विचारीत नाही,” अशी ती तक्रार. आज आम्ही या दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहिणार आहोत.

आपल्या माणसाला हे अधिक का लागते?

आपल्या समाजाच्या बाबतीत या दुखण्याला इतिहास आहे. महारकीच्या काळात आपल्या पूर्वजांनी गावाची कोणती कामे केली नाहीत? सांगावा पोहोचविला, सरकारी खजिन्याची राखण केली, शिवेच्या भांडणात साक्ष दिली, मेलेली जनावरे ओढली. या सर्व कामांशिवाय गावगाडा एक दिवस चालला नसता. परंतु जे काम जन्माने माथी मारलेले असते, त्याचे कोणी कौतुक करीत नाही. उलट बलुत्याच्या चार पेंढ्या आणि शिळी भाकर टाकणाराच उपकार केल्याच्या तोऱ्यात असे. काम आमचे आणि उपकार त्यांचे, असा तो उफराटा हिशेब होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते हा हिशेब मोडण्यासाठीच.

शहरात आल्यावरही हिशेब लगेच बदलला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला मिळे, पण त्या खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्याने इतर विणकरांना विटाळ होतो! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेतली स्थिती सांगितली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला साधे हमालाचे काम देत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले.

हुन्नर हातात असूनही ज्याचे नाव पिढ्यान् पिढ्या घेतले गेले नाही, त्याच्या कानाला “हे काम तुम्ही उत्तम केलेत” हे शब्द नुसते गोड लागत नाहीत. त्यात त्याच्या माणूसपणाची पावती असते.

तथागतांची रीत

कोणी म्हणेल, कौतुक वगैरे ही हल्लीच्या कंपन्यांची आणि त्यांच्या व्याख्यात्यांची टूम आहे. तसे नाही. अंगुत्तर निकायात एक प्रकरण आहे, त्यात भगवान बुद्धांनी आपल्या एकेका शिष्याचे नाव घेऊन तो कोणत्या गुणात अग्र आहे हे संघासमोर सांगितले आहे. प्रज्ञेत सारिपुत्त, विनयात उपाली, धम्म समजावून सांगण्यात भिक्खुणी धम्मदिन्ना. यातला उपाली हा शाक्यांचा न्हावी. त्यांच्याच संघात राजघराण्यातली माणसे होती, परंतु विनयातला पहिला मान उपालीचा. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन झाले तेही उपालीच्या मुखातून.

त्याच यादीत खुज्जुत्तरा नावाची उपासिका आहे. कोसंबीच्या राजवाड्यात राणी सामावतीची ती दासी. ती बाहेर जाऊन धम्म ऐकायची आणि परत येऊन राणीला व तिच्या सख्यांना जसाच्या तसा सांगायची. ऐकताना राणी तिला उंच आसनावर बसवीत असे. उपासिकांमध्ये बहुश्रुत म्हणून तथागतांनी नाव घेतले ते या दासीचे. राणीचेही नाव यादीत आहे, पण ते मैत्रीभावनेसाठी. ज्याचे जे, ते त्याला. उगाच राणी म्हणून सर्व मान तिच्या पदरात टाकला नाही आणि दासी म्हणून खुज्जुत्तरेचा मान कापलाही नाही.

या रीतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. स्तुती नाव घेऊन केली आहे. ती नेमक्या गुणाची केली आहे. आणि ती सर्वांसमक्ष केली आहे. आजचे व्यवस्थापनाचे वर्ग याहून वेगळे फारसे काही शिकवीत नाहीत.

बाबासाहेबांचे उदाहरण

२५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले बाबासाहेबांचे भाषण आपण सर्वजण जाणतो. सामाजिक लोकशाहीचा आणि व्यक्तिपूजेच्या धोक्याचा इशारा आपण व्याख्यानांतून ऐकतो. परंतु त्याच भाषणातला एक भाग आम्हा कारकून मंडळींच्या काळजाला भिडतो, आणि त्याची आठवण फार थोडे वक्ते देतात. सभागृहात बाबासाहेबांवर स्तुतीचा वर्षाव झाला होता. तेव्हा उठून त्यांनी सांगितले, की हे श्रेय सर्वस्वी माझे नाही. पहिला आराखडा तयार करणारे सल्लागार बी. एन. राव यांना त्यांनी त्यांचा वाटा दिला. १४१ दिवस बसलेल्या मसुदा समितीच्या सदस्यांना दिला. त्याहून मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला आणि तो का, हेही सांगितले: अत्यंत गुंतागुंतीची कलमे सोप्या व नेमक्या कायद्याच्या भाषेत बसविण्याची त्यांची हातोटी आणि त्यांची कष्टाची तयारी. आणि एवढ्यावर न थांबता, मुखर्जींच्या हाताखालचा जो कर्मचारीवर्ग कधी कधी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत राबला, त्याचीही त्यांनी आठवण काढून आभार मानले.

वाचकहो, विचार करा. देशाचे संविधान सादर होत आहे, सारा देश ऐकतो आहे, आणि आपला बाप रात्री जागून कागद तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ऋण मान्य करतो आहे. आपल्यातल्या किती अधिकाऱ्यांना अहवाल सादर करताना तो तयार करणाऱ्या कारकुनाची आठवण होते?

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेतही बाबासाहेबांनी हस्तलिखित टंकलिखित करणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांची नावे घेऊन, त्यांच्या श्रमांची फेड होणे कठीण आहे अशा अर्थाची कृतज्ञता व्यक्त केली आहे.

एका नस्तीची गोष्ट

आता साध्या कार्यालयातला एक अनुभव सांगतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील अभिलेख कक्षात एक गृहस्थ वर्षानुवर्षे कामाला होते. धूळ, कसर आणि लाल फितीचे गठ्ठे यांच्यात बसून कोणतीही जुनी नस्ती ते अर्ध्या तासात काढून देत. वरच्या मजल्यावर मात्र त्यांचे नाव कोणाला माहीत नव्हते. “खालच्याला सांगा” असे म्हणत. नस्ती मिळाली तर टेबलावरच्या बाबूचे काम झाले, न मिळाली तर “खालच्याचा” आळस. मग त्या गृहस्थांचाही स्वभाव आंबट झाला. मागणीपत्र आले, की आधी तासभर ते तसेच पडून राही. वरचे आणि खालचे यांच्यात बोलणेच उरले नाही.

पुढे एक नवीन अधिकारी बाई आल्या. एका जमिनीच्या प्रकरणात फार जुना कागद हवा होता आणि तो या गृहस्थांनी शोधून दिला. बाईंनी टिपणी लिहिताना एक वाक्य घातले, की सदरचा मूळ कागद अभिलेख कक्षातील श्री. अमुक यांनी परिश्रमपूर्वक शोधून दिला आहे. बस, एवढेच. हजेरीपट आणि रजेचा अर्ज सोडून त्यांचे नाव सरकारी कागदावर प्रथमच आले होते. त्यांनी ती टिपणी दोनदा वाचली आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या काही महिन्यांत त्या माणसाने कोणी न सांगता सर्व गठ्ठ्यांची वर्षवार यादी करून भिंतीला लावली. वरच्या बाबू लोकांना आपले चहाचे कप घेऊन खाली येण्याची सवय लागली. या शाबासकीने त्यांना बढती मिळाली नाही. ते होते त्याच पदावरून निवृत्त झाले. ती उणीव उणीवच राहिली. पण जाण्यायेण्याचा जिना मोकळा झाला, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

कौतुक आणि मस्का

येथे सावध राहिले पाहिजे. कौतुक म्हणजे मस्का नव्हे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मित्राच्या रूपात वावरणाऱ्या खोट्या माणसांत खुशमस्कऱ्याची गणना केली आहे. तो चांगल्यालाही होकार देतो, वाइटालाही होकार देतो, तोंडावर वाखाणतो आणि पाठीमागे निंदा करतो. म्हणून कसोटी सोपी आहे. जे तुम्ही साहेबाच्या केबिनमध्ये बोलता, तेच कँटीनमध्ये साहेब नसताना बोलू शकता का? बोलू शकत असाल तर ते कौतुक. नाही तर ती हांजी हांजी.

दुसऱ्या टोकाला, कोणाचीच कधी स्तुती न करणे हाही मोठेपणा नव्हे. पोतलीय नावाच्या परिव्राजकाला वाटत होते, की जो कोणाची निंदाही करीत नाही आणि स्तुतीही करीत नाही तो श्रेष्ठ. भगवंतांनी ते मान्य केले नाही. जो दोषाला योग्य वेळी दोष म्हणतो आणि गुणाला योग्य वेळी गुण म्हणतो, आणि दोन्ही खरे तेच म्हणतो, तो श्रेष्ठ असे त्यांनी सांगितले. आपले सम्यक वाचेचे अंग ते हेच.

रोजच्या वापराच्या गोष्टी

१. नेमके बोला. “छान, छान” याला अर्थ नाही. “कालच्या पाळीला तुम्ही पट्टा वेळेवर बंद केलात म्हणून त्या पोराचा हात वाचला,” असे सांगा. ऐकणाऱ्याला कळते, की तुम्ही खरोखर पाहिले आहे.

२. वेळेवर बोला. काम ताजे असताना बोललेला एक शब्द निरोप समारंभातल्या शालीहून मोलाचा असतो. आपल्याकडे माणसाचे गुण निवृत्तीच्या दिवशी नाहीतर शोकसभेत सांगण्याची वाईट खोड आहे.

३. नावाने हाक मारा. सफाई कामगार ताई, पहारेकरी काका, चहावाला मुलगा यांनाही नावे आहेत. “ए”, “अरे” हे शब्द आपल्या पूर्वजांनी फार ऐकले; ते आपल्या तोंडून दुसऱ्याला जाऊ नयेत. जो बौद्ध अधिकारी झाला आहे त्याने तर हे डोळ्यात तेल घालून पाळावे.

४. श्रेय वर पोहोचवा. हाताखालच्याने केलेले काम आपले म्हणून साहेबासमोर मांडणे ही चोरी आहे. पंचशीलातले दुसरे शील पैशाच्या पाकिटापुरतेच आहे असे समजू नका.

५. चूक एकांतात दाखवा, गुण चारचौघांत सांगा. मात्र एखादा लाजरा असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगितले तरी चालेल.

६. बायकांच्या कामाला “बाई असून चांगले केले” अशी शेपटी लावू नका. ते कौतुक नसून टोमणा असतो.

७. सहकाऱ्याच्या बढतीचे पेढे मनापासून खा. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे आपण विहारात म्हणतो. त्यातली मुदिता सर्वांत अवघड, कारण तिची परीक्षा शेजारच्या टेबलावर होते.

विषारी गोड शब्द

आपल्या शिकलेल्या मुलामुलींना एक वेगळीच स्तुती ऐकावी लागते. “तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हं!” किंवा “कोट्यातून आला असलात तरी काम चांगले करता.” बोलणाऱ्याला वाटते आपण गौरव केला. प्रत्यक्षात एका माणसाला वर उचलण्यासाठी त्याने सगळा समाज खाली ढकललेला असतो. अशा वेळी लाजून हसू नये आणि भांडूही नये. शांतपणे म्हणावे, “काम आवडले, आनंद आहे. आमच्या वस्तीत अशी काम करणारी माणसे पुष्कळ आहेत.” एवढ्याने समोरच्याला विचार करावा लागतो.

खरी स्तुती झाली तर ती नीट घेताही यावी. “छे छे, साहेबांची कृपा” असे म्हणून मान खाली घालणारे आपल्यात अजून आहेत. कृपा कसली? घाम तुमचा होता. ताठ मानेने “धन्यवाद” म्हणा आणि जोडीला ज्यांनी हात लावला असेल त्यांची नावे सांगा.

पगार आधी, शाबासकी नंतर

मालकवर्गाने मात्र या लेखाचा सोयीस्कर अर्थ काढू नये. सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकाविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. ही कर्तव्ये पार पाडली, की सेवकही मनापासून काम करतो आणि मालकाचे नाव चांगले करतो. म्हणजे वेतन, औषध आणि सुट्टी ही आधी. कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे न देता “तुम्ही शहराचे आरोग्यरक्षक” असे म्हणत हार घालणे म्हणजे त्याची थट्टा होय.

नोकरदारांसाठी आणखी एक गोष्ट. तोंडी शाबासकी वाऱ्यावर जाते, कागदावरची टिकते. मसुदा समितीच्या कामाचा भार शेवटी एकट्या डॉ. आंबेडकरांवर कसा पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. ते सभेच्या कामकाजात छापले गेले, म्हणून आज कोणी श्रेय हिरावू पाहील तर आपल्याला पान उघडून दाखविता येते. आपल्या लहानशा नोकरीतही तोच न्याय आहे.

वार्षिक गोपनीय अहवालात साहेब तोंडावर “उत्तम” म्हणून आत काय लिहितो हे पूर्वी कळत नसे. देव दत्त विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात एका अभियंत्याची बढती “चांगला” या एका शेऱ्यामुळे अडली होती, कारण त्या बढतीला “अत्युत्तम” शेरा लागत होता आणि त्याला आपला शेरा कळविलाच गेला नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शासकीय कर्मचाऱ्याच्या अहवालातला प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, त्याला कळविला पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तेच कायम केले. तेव्हा आपला शेरा दरवर्षी पाहा, अन्याय वाटल्यास मुदतीत लेखी म्हणणे द्या, आणि चांगल्या कामाचे पत्र मिळाले तर त्याची प्रत जपून ठेवा. ज्यांना सेवापुस्तकच नाही त्या कंत्राटी बंधू-भगिनींनी काम सोडताना अनुभवाचा दाखला मागून घ्यावा.

घरापासून सुरुवात

शेवटी, ही सवय कचेरीत एकाएकी येत नाही. जो घरी कालवणात मीठ कमी पडले तेवढेच बोलतो आणि चांगले झाले तेव्हा मुकाट जेवतो, तो कामावर काय कौतुक करणार? चार घरची धुणीभांडी करून येणारी पत्नी, कमी गुण मिळाले तरी रात्री जागलेला मुलगा, धाकट्यांना सांभाळणारी मुलगी, या सर्वांचे काम डोळसपणे पाहा आणि नाव घेऊन बोला.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक करून पाहा. सतरंज्या कोण अंथरतो, पाणी कोण भरतो, मेणबत्त्या-अगरबत्त्या कोण आणतो, बायकांच्या चपला कोण नीट लावून ठेवते, हे पाहा आणि सर्वांसमक्ष त्यांची नावे घ्या. ज्या समाजाची नावे इतिहासाने पुसली, त्याने तरी एकमेकांची नावे विसरू नयेत.

जयभीम! नमो बुद्धाय!